गुलाबी अंड्यांची गोगलगाय: ॲपल स्नेल ओळखावी कशी, पसरते कशी आणि भातखाचरात रोखावी कशी

लावणीला चार दिवस झाले, खाचरात चार बोटं पाणी, आणि सकाळी बघावं तर सखल कोपऱ्यातले चूड (लावलेल्या रोपांचे झुबके) गायब. पाण्यावर पानांचे तुकडे तरंगताहेत. कोकणातला शेतकरी अशा वेळी पहिला संशय खेकड्यावर घेतो, आणि तो बहुतेकदा बरोबर ठरतो. बांधाला बिळं असतील आणि कापलेली रोपं बिळाकडे ओढत नेलेली दिसली, तर काम खेकड्याचंच. फिलिपीन्स, तैवान, जपान, व्हिएतनाम या देशांत मात्र गेली चाळीसेक वर्षं पहिला संशय जातो तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या ॲपल स्नेलवर. तिथे बिळं दिसत नाहीत. दिसतात ते पाण्याच्या वर, देठांवर आणि पाटाच्या भिंतीवर चिकटलेले भडक गुलाबी अंड्यांचे पुंजके.

त्रास देणाऱ्या जाती मुख्यतः दोन: पोमेशिया कॅनालिक्युलाटा आणि पोमेशिया मॅक्युलाटा. पहिलीचं मूळ घर अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील. दुसरीचा मुलूख त्याहून मोठा, थेट ॲमेझॉन खोऱ्यापर्यंत. पुढे दिलेले उपाय मुख्यतः फिलिपीन्स आणि जपानच्या भातशेतीत घासूनपुसून तयार झालेले आहेत. मराठी वाचकाने ते आत्ताच का वाचावेत, याची कारणं दोन. ही गोगलगाय भारताला खेटून असलेल्या म्यानमारमध्ये पोचलेली आहे. आणि तिच्याच वंशातली एक जात आपल्याकडे मत्स्यटाक्यांच्या दुकानांत सर्रास विकली जाते.

आधी ओळख, मग ठेचाठेची

आपल्याकडे 'गोगलगाय' म्हटलं की तीन वेगळे प्राणी एकाच पोत्यात भरले जातात. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचा फडशा पाडणारी शंखी गोगलगाय ही जमिनीवरची. तिचा शंख लांबट, टोकदार. ती फुफ्फुसाने श्वास घेते आणि अंडी मातीत घालते. तिचा या लेखाशी संबंध नाही आणि तिच्यासाठी सांगितलेले उपाय भातखाचरात जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दुसरी आपली देशी, पाण्यातली: पायला. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना ती 'पायला ग्लोबोसा' म्हणून विच्छेदनाच्या ताटलीतून आठवत असेल. तळी, ओढे, भातखाचरं इथे ती पूर्वापार आहे, आणि उघड्या चोचीच्या करकोच्याचं ती आवडतं खाद्य. तिच्या नावाने बोंब मारण्याचं काही कारण नाही. परदेशी गोगलगाय समजून पायला मारली, तर नुकसान आपलंच. म्हणून पुढच्या खुणा नीट बघा.

सर्वांत खात्रीची खूण अंड्यांची. पायलाची अंडी पांढरी असतात आणि पाण्याच्या कडेला ओलसर मातीतल्या खळग्यात किंवा आडोशाला घातलेली असतात. त्रास देणाऱ्या दोन्ही पोमेशियांची अंडी पाण्याच्या वर, उघड्यावर, दुरून दिसतील अशी: गवताचं देठ, बांबूची काठी, सिमेंटचा पाट, पुलाचा खांब, काहीही चालतं. रंग भडक गुलाबी. कॅनालिक्युलाटाच्या पुंजक्यात साधारण २०० ते ३०० अंडी, प्रत्येक अंडं ३ मिलिमीटरच्या आसपास. मॅक्युलाटाच्या पुंजक्यात अंडी २ मिलिमीटरहून लहान, पण संख्या सरासरी १,५०० च्या घरात. म्हणजे पुंजक्यात दाणे बारीक आणि खच्चून भरलेले दिसले, तर मॅक्युलाटाचा संशय घ्यावा.

अंडी सापडली नाहीत, तर शंखाचं झाकण तपासा. गोगलगाय आत गेली की तोंडाशी एक चकती बसते. पोमेशियाची चकती तपकिरी, शिंगासारख्या पदार्थाची, थोडी वाकणारी. पायलाची चकती आतून चुन्याच्या थराची, पांढरट, टणक. वाकवायला गेलात तर वाकत नाही. मेलेल्या गोगलगायीची चकती गळून पडते, तेव्हा नुसत्या रिकाम्या शंखावरून निकाल देऊ नका.

शंखाचा आकार ही त्यानंतरची खूण. कॅनालिक्युलाटामध्ये एका वेढ्याला दुसरा वेढा जिथे मिळतो तिथे खोल खाच असते, बोटाचं नख फिरवलं तरी जाणवते. मॅक्युलाटाच्या शंखाच्या तोंडाची आतली कड बहुधा पिवळसर ते नारिंगी-लाल असते. शंखाच्या रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. तपकिरी पट्ट्यांपासून सोनेरीपर्यंत सगळे रंग एकाच जातीत मिळतात.

तिचं आयुष्य, आणि त्यातले कच्चे दुवे

ही गोगलगाय इतकी चिवट का, हे कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

तिला कल्ला आहे आणि फुफ्फुसही आहे. पाणी सडकं असो, प्राणवायू संपलेला असो, ती तळाशी बसूनच एक लांब मांसल नळी पाण्याच्या वर काढते आणि हवा ओढून घेते. त्यामुळे गढूळ, उबदार, साचलेलं खाचर तिला मानवतं. पाणी आटलं की ती चिखलात शिरते, झाकण घट्ट लावते आणि महिनोन्महिने तशीच पडून राहते. उन्हाळाभर भेगाळलेल्या शेतात एकही गोगलगाय दिसली नाही, म्हणजे ती संपली असं नाही. पहिलं पाणी सोडलं की ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते.

नर-मादी वेगळे. मादी मोठी असते आणि एकदा संग झाला की शुक्राणू अनेक आठवडे साठवून ठेवते. म्हणून एकच मादी नव्या तळ्यात पडली, तरी वसाहत उभी राहू शकते. उष्ण प्रदेशात दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येतं. मादी रात्री पाण्याबाहेर चढून अंडी घालते, काही दिवसांनी पुन्हा घालते, आणि हंगामभरात तिची अंडी हजारांत जातात. उबदार हवेत अंडी साधारण ७ ते १४ दिवसांत फुटतात. फुटायच्या आधी गुलाबी रंग फिकट होत पांढुरका-राखी होतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

अंडी अशी उघड्यावर ठेवून चालतात, कारण त्यांना खाणारं जवळपास कोणी नाही. त्यांच्यातली काही प्रथिनं पचत नाहीत, आणि एक तर चेतासंस्थेवर परिणाम करणारं विष आहे. भडक गुलाबी रंग हा 'हात लावू नका' असाच इशारा. लाल आग्या मुंग्यांची एक जात ही अंडी खाते, बाकी पक्षी-मासे वाटेला जात नाहीत.

नुकतं जन्मलेलं पिल्लू २ ते ३ मिलिमीटरचं. ते शेवाळ आणि कुजकं खातं, भाताला काही करू शकत नाही. रोप कापायचं बळ साधारण दीड सेंटिमीटरच्या पुढे येतं, आणि ३ ते ४ सेंटिमीटरच्या गोगलगायी खरं नुकसान करतात. दातेरी जिभेने त्या रोपाचा कोवळा बुंधा खरवडून कापतात, मग आडवं पडलेलं पान सावकाश खातात. लावणीनंतर पहिले १० दिवस आणि चिखलावर मोड आलेलं बी फेकलेलं असेल तर पहिले २१ दिवस, हा काळ जिवावरचा. त्यापुढे बुंधा टणक होतो आणि तीच गोगलगाय तण खाऊन थोडी मदतही करते. जपानमध्ये काही शेतकरी तिचा तणासाठी मुद्दाम उपयोग करून घेतात, पण ते पाण्याची पातळी सेंटिमीटरात राखू शकणाऱ्यांचं काम. आपल्याकडे कोणी हा सल्ला दिला तर ऐकू नये.

थोडक्यात, हिचे कच्चे दुवे दोन. अंडी पाण्याबाहेर, नजरेसमोर असतात. आणि उथळ पाण्यात तिला हालता-खाता येत नाही. पैसा, माणसं, वेळ जे काही असेल ते या दोन ठिकाणी लावा. विषाचा डबा सर्वांत शेवटी उघडायचा.

ती इतकी पसरली कशी

माणसाने नेली म्हणून. १९८० च्या सुमारास ती अर्जेंटिनातून तैवानला नेण्यात आली. खायला चविष्ट, वाढायला भराभर, निर्यातीतून परकीय चलन, असा हिशेब होता. १९८१ मध्ये जपान, त्याच सुमारास चीन आणि फिलिपीन्स, पुढे थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया. फिलिपीन्समध्ये तर गरिबांच्या ताटात प्रथिनं यावीत म्हणून 'गोल्डन कुहोल' नावाने तिचा प्रचार झाला. लोकांना चव आणि पोत पसंत पडला नाही, बाजार कोसळला, आणि परसातल्या टाक्यांतला माल पाटात ओतला गेला. पुढचं काम कालव्यांनी केलं. हवाई बेटांवर १९८९ पासून ती अळूच्या पाणथळ शेतीत आहे. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात मॅक्युलाटा २००९ मध्ये आढळली, तीही मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून निसटलेली. तिथे खाचरं कोरडी ठेवून झाली, समुद्राचं पाणी सोडून झालं, तरी ती समूळ गेली नाही. २०२० मध्ये केनियातल्या म्वेआ सिंचन योजनेतल्या भातात कॅनालिक्युलाटा सापडली. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची ती पहिली नोंद.

अमेरिकेने २००६ मध्ये या वंशाच्या बहुतेक जातींची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. युरोपीय संघाने २०१२ मध्ये सगळा पोमेशिया वंशच बंद केला. दोघांनाही उशीर झाला होता.

एका शेतातून दुसऱ्या शेतात ती कशी जाते, हे रोजच्या कामाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. पाटाच्या पाण्याबरोबर, पुरात, रोपवाटिकेतून उचललेल्या जुड्यांच्या मुळांतल्या चिखलात, ट्रॅक्टरच्या केजव्हीलला (चिखलणीच्या लोखंडी चाकांना) आणि रोटाव्हेटरला चिकटलेल्या गाळात, एका तळ्यातून काढून दुसरीकडे टाकलेल्या जलपर्णीबरोबर, मत्स्यबीजाच्या पिशव्यांत, आणि टाकी मोडताना 'मारायचं कशाला' म्हणून नाल्यात सोडून देणाऱ्या भल्या माणसांच्या हातून. शेवटचा मार्ग सर्वांत किरकोळ वाटतो, पण खंडापार उड्या तिने बहुतेक अशाच व्यापारी आणि हौशी वाटांनी मारल्या आहेत.

नुकसान फक्त भाताचं नाही. थायलंडमधल्या पाणथळ जागांच्या अभ्यासात दिसलं की या गोगलगायी पाणवनस्पती फस्त करतात, मग पाण्यातली पोषकद्रव्यं शेवाळाच्या वाट्याला येतात आणि नितळ तळं हिरवं, गढूळ होऊन बसतं. कोणाचं फावतंही. थायलंडमधल्या उघड्या चोचीच्या करकोच्यांची संख्या वाढण्यामागे हे नवं खाद्य असल्याचं मानलं जातं. फ्लोरिडात फक्त गोगलगायींवर जगणाऱ्या स्नेल काइट या शिकारी पक्ष्याची चोच, मॅक्युलाटाचे मोठे शंख खाता खाता, काही पिढ्यांतच मोठी झाल्याची नोंद आहे. पण पक्ष्यांच्या भरवशावर खाचर सोडता येत नाही.

खाचरातला बंदोबस्त: नांगरणीपासून लावणीनंतरच्या तीन आठवड्यांपर्यंत

पाहणी. चिखलणीच्या आधी पाणी सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास बांधावरून फिरा. दुपारच्या उन्हात त्या खाली दडतात आणि 'काही नाही' असा खोटा दिलासा मिळतो. एक मीटर बाय एक मीटरची बांबूची चौकट करा, ती दहा ठिकाणी टाका आणि दीड सेंटिमीटरहून मोठ्या गोगलगायी मोजा. दहापैकी निदान चार जागा सखल कोपऱ्यांतल्या आणि पाण्याच्या तोंडाजवळच्या घ्या, कारण त्या तिथेच गोळा होतात. फिलिपीन्समधल्या प्रयोगांत चौरस मीटरला एक गोगलगाय असताना सुमारे २० टक्के चूड गेले, आणि आठ असताना ९० टक्क्यांहून जास्त. म्हणजे 'एखाददुसरी दिसते' हे दुर्लक्ष करण्याचं कारण होऊ शकत नाही.

वेचणी. जास्त गोगलगायी याच टप्प्यावर काढायच्या, रोपं शेतात यायच्या आधी. हातमोजे घाला. या गोगलगायी उंदराच्या फुफ्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या बाळगू शकतात. त्यामुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. २००६ मध्ये बीजिंगमध्ये अर्धकच्च्या ॲपल स्नेल खाऊन १६० जणांना ही लागण झाली होती. नुसत्या वेचण्याने धोका कमी, पण हात न धुता भाकरी खाऊ नका आणि मुलांना खेळायला देऊ नका.

वेचणी सोपी करण्यासाठी आमिष लावा. पपईची, अळूची किंवा केळीची पानं संध्याकाळी सखल जागी अंथरा, वर दगड ठेवा. पहाटे पानं उचलली की खाली गोगलगायी सापडतात. उजाडल्यानंतर उशीर केला, तर त्या पोट भरून निघून गेलेल्या असतात. पानं दोन दिवसांनी बदला. कुजून लगदा झालेल्या पानांखालून गोगलगायी उचलणं जिकिरीचं होतं.

सपाटी. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फायद्याची पायरी. चिखलणीनंतर फळी फिरवून खाचर शक्य तितकं एका पातळीत आणा. उंचवट्यावर पाणी एक सेंटिमीटर ठेवायचं म्हणून खळग्यात पाच सेंटिमीटर साचत असेल, तर पुढचं सगळं पाणीनियोजन फुकट. जिथे चूड गेले त्या जागांचा नकाशा काढला, तर तो जवळजवळ नेहमी खळग्यांचाच नकाशा निघतो.

चर. शेवटची फळी झाली की बांधाच्या कडेने आणि आत दर १० ते १५ मीटरवर उथळ चर पाडा: रुंदी १५ ते २५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर. कुदळीने खणत बसू नका. पोत्यात माती भरून दोरीने ओढत न्या, ओल्या चिखलात हवा तसा चर उमटतो. पाणी कमी केलं की गोगलगायी ओलाव्याच्या मागे चरात उतरतात आणि तिथून त्या ओंजळीने उचलता येतात. चराचा उतार पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाकडे हवा. उलटा उतार दिला, तर चर निचरा न होता गोगलगायींचं कायमचं घर बनतो.

जाळी. पाणी येण्याच्या आणि जाण्याच्या प्रत्येक तोंडावर ५ मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवा, कडा चिखलाने लिंपून. एकच बारीक जाळी लावली तर पालापाचोळ्याने दोन तासांत तुंबते, पाणी बाजूने वाट काढतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून दोन जाळ्या लावा: बाहेर अडीच-तीन सेंटिमीटर छिद्रांची, कचरा अडवायला, तिच्या आत हातभर अंतरावर बारीक. दोन्ही रोज साफ करा. नवजात पिल्लं ५ मिलिमीटरमधून आरपार जातील, जाऊ द्यात. ती रोप कापण्याइतकी मोठी होईपर्यंत रोपाचा बुंधा टणक झालेला असेल. जाळी लावायची ती मोठ्या गोगलगायी अडवायला.

रोप. २५ ते ३० दिवसांचं, जाड बुंध्याचं रोप लावा, आणि एका चुडात दोन-तीन रोपं ठेवा. १० ते १२ दिवसांची कोवळी रोपं एकेक लावण्याची पद्धत किंवा मोड आलेलं बी चिखलावर फेकण्याची रहू पद्धत गोगलगाय असलेल्या शेतात जोखमीची. जून रोपाला फुटवे थोडे कमी येतात हे खरं, पण गेलेल्या चुडाला फुटवेच येत नाहीत. जुड्या शेतात नेण्यापूर्वी मुळांचा चिखल रोपवाटिकेतच धुऊन टाका. आणि रोपांचा एक वाफा राखून ठेवा. पहिल्या सात ते दहा दिवसांत नांग्या (रोप गेलेल्या रिकाम्या जागा) भरायला तो लागणारच. नांग्या भरताना त्याच खळग्यात आधी वेचणी करा, नाहीतर दुसरं रोपही त्याच रात्री जातं.

पाणी. लावणीनंतर तिसऱ्या दिवसापासून पाणी २ सेंटिमीटरच्या आत, जमलं तर १ सेंटिमीटर. मापाचा नियम सोपा: पाणी गोगलगायीच्या शंखाच्या उंचीहून कमी हवं. तेवढ्या पाण्यात ती नीट सरकू शकत नाही, खाणं थांबवते आणि जागीच बसून राहते. असं निदान १५ दिवस, रहूत २१ दिवसांहून थोडं जास्तच. याची किंमत तणाच्या रूपाने मोजावी लागते. उथळ पाण्यात तण उसळतं, काही तणनाशकांचं कामही नीट होत नाही, तेव्हा एका हातकोळपणीची तयारी मनात धरूनच हा मार्ग घ्या.

जुलैच्या कोकणात हा नियम पाळणं कठीण, हे उघड आहे. रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस झाला तर कोणती पातळी राखणार? अशा ठिकाणी भर जून रोपांवर, चरांवर आणि लावणीआधीच्या वेचणीवर द्यायचा, आणि पाणी बाहेर जाण्याचं तोंड नेहमीपेक्षा रुंद व खाली ठेवायचं, म्हणजे पाऊस ओसरताच खाचर तासाभरात उतरतं.

अंडी. खाचराच्या कडेने, पाटाच्या काठाने आणि सखल जागी बांबूच्या काठ्या रोवा, पाण्यावर अर्धा ते एक मीटर उंच. गवत कापून बांध मोकळा ठेवलात, की माद्यांना चढायला काठ्याच उरतात आणि अंडी तुम्हाला हव्या त्या जागी मिळतात. आठवड्यातून एकदा फेरी चुकवू नका. अंडी फुटायला कमीत कमी सात दिवस लागतात, म्हणून पंधरवड्याने एकदा जाणं म्हणजे अर्धी अंडी हातची घालवणं.

काढताना रंग बघा. ताजा, गुलाबी पुंजका खरवडून पाण्यात पाडला तरी आतला जीव गुदमरून मरतो. पांढुरका-राखी झालेला पुंजका पाण्यात पाडलात, तर पिल्लं फुटून सरळ पोहायला लागतील. तो काठीने किंवा पत्र्याच्या खरवडणीने तिथल्या तिथे चिरडायचा. शंका असेल तर सगळेच चिरडा. हातमोजे इथेही हवेत. अंडी कोंबड्यांना, बदकांना किंवा माशांना घालू नका.

वेचलेल्या गोगलगायींचं काय करायचं? बांधावर टाकून दिल्या तर रात्री परत पाण्यात जातात. हे फार सर्रास होतं. पोत्यात बांधून जड दगडाने ठेचा आणि खड्ड्यात पुरा, किंवा उकळत्या पाण्यात टाका. उकडून बारीक केलेलं मांस बदकं-कोंबड्यांना चालतं, शंखाचा भुगा चुन्यासाठी उपयोगी पडतो.

बदकं. जपानच्या भात-बदक पद्धतीत १० गुंठ्यांना साधारण १५ ते २० पिल्लं सोडतात. चिखलणीच्या वेळी मोठी बदकं सोडायला हरकत नाही, पण लावणीनंतर रोपं रुजेपर्यंत, म्हणजे ३० ते ३५ दिवस, मोठ्या बदकांना खाचराबाहेर ठेवा, आणि लोंब्या यायच्या आधी पुन्हा बाहेर काढा, नाहीतर दाणाच फस्त होतो. मोठ्या शंखाच्या गोगलगायी बदकाला गिळता येत नाहीत. म्हणजे वेचणीची जागा बदकं घेत नाहीत. तुम्ही मोठ्या काढा, ती लहान खातील.

कापणीनंतर. ओल उरलेली असतानाच उथळ नांगरट करा किंवा रोटाव्हेटर सावकाश चालवा. चिखलात शिरलेल्या गोगलगायी वरच्या काही सेंटिमीटरांत असतात आणि पात्याखाली फुटतात. खोल नांगरट केली तर त्या नुसत्याच खाली गाडल्या जातात. भातानंतर वाल, कुळीथ, हरभरा अशी कोरडी पिकं घेतल्याने संख्या घटते, शून्य होत नाही. काम झालं की यंत्र दुसऱ्या शेतात नेण्याआधी चाकं आणि पाती धुवा, आणि ते धुतलेलं पाणी पाटात सोडू नका.

औषधं: कमी जागी, कमी वेळा

निक्लोसामाइड, मेटाल्डिहाइड आणि चहाच्या बियांच्या पेंडीतलं सॅपोनिन ही जगभर वापरली जाणारी तीन नावं. निक्लोसामाइड आणि सॅपोनिन दोन्ही माशांना आणि बेडकांना घातक. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना आकर्षक वाटतात आणि जीव घेतात. फिलिपीन्समध्ये सुरुवातीच्या घबराटीत कथिलयुक्त सेंद्रिय विषं ढिगाने फवारली गेली. शेतकऱ्यांची नखं आणि त्वचा खराब झाली, डोळ्यांना इजा झाली, शेवटी ती बंद करावी लागली.

वापरायचंच असेल तर भातासाठी आणि गोगलगायीसाठी लेबलवर शिफारस असलेलंच घ्या. सोयाबीनमधल्या शंखी गोगलगायीसाठी सांगितलेलं गोळ्यांचं प्रमाण उभ्या पाण्याला लावू नका. पूर्ण खाचरात फवारू नका. आधी पाणी उतरवून गोगलगायी चरांत आणि खळग्यांत गोळा होऊ द्या, मग फक्त तेवढ्या जागी औषध द्या. विषाचा खर्च आणि मासे दोन्ही वाचतात. दिल्यावर पाणी बाहेर जाण्याची तोंडं लेबलवर सांगितलेल्या दिवसांपर्यंत घट्ट बंद हवीत. दिल्यादिवशी पाऊस आला आणि खाचर भरून वाहिलं, तर औषध गेलं खालच्या शेतकऱ्याच्या तळ्यात. आणि औषध अंड्यांपर्यंत पोचत नाही, कारण ती पाण्याच्या वर आहेत. 'औषध मारलं, तरी दहा दिवसांनी पुन्हा तितक्याच' या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं.

मत्स्यटाकी पाळणाऱ्यांसाठी

दुकानात 'मिस्ट्री स्नेल' म्हणून मिळते ती बहुधा पोमेशिया डिफ्युसा. ती मुख्यतः शेवाळ आणि कुजकं खाते, जिवंत पाणवनस्पतींना फारसा हात लावत नाही. तिच्या शंखाची शिवण, म्हणजे वेढ्याला वेढा मिळतो ती जागा, जवळजवळ काटकोनी खांद्यासारखी सपाट असते, खोल खाच नसते, आणि अंड्यांचा पुंजका गुलाबी न दिसता फिकट तपकिरी ते सामन माशाच्या मांसासारख्या फिकट नारिंगी रंगाचा, मधाच्या पोळ्यासारख्या पृष्ठभागाचा दिसतो. अडचण अशी की सोनेरी, निळसर, हस्तिदंती रंगांत अनेक जाती एकाच नावाने विकल्या जातात. आणलेली गोगलगाय टाकीतली लावलेली रोपं दिवसेंदिवस बुंध्यापासून कापत असेल, तर दुकानदाराने दिलेलं नाव विसरा आणि शंखाची शिवण बघा.

टाकीचं झाकण आतून आठवड्यातून एकदा तपासा. अंडी काचेवर किंवा झाकणाला चिकटलेली असतात. नको असतील तर पातीने काढून पिशवीत भरा, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. नको झालेल्या गोगलगायींनाही तोच रस्ता. नवीन वनस्पती आणल्यावर त्या दोन ते तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, म्हणजे लपलेली पिल्लं नजरेला पडतात. टाकीतला गाळ नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीत ओतू नका, कुंडीत किंवा कोरड्या मातीत टाका.

गुलाबी पुंजका दिसलाच तर

खरवडायच्या आधी फोटो काढा, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. एक पुंजक्याचा, एक जवळून अंड्यांचा, एक आजूबाजूच्या जागेचा. दोन-तीन गोगलगायी झाकणांसकट पकडून अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मालिनमध्ये नको, कारण कॅनालिक्युलाटा आणि मॅक्युलाटा यांचा संकरही होतो आणि नक्की ओळख अनेकदा डीएनएवरूनच पटते. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: गाव, तारीख, पाणी कुठून येतं, अंडी पाण्यापासून किती उंचीवर होती. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हे सगळं तालुका कृषी अधिकारी किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे द्या. कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, आणि नमुन्याची जात ठरवायला पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुना पोचेपर्यंत त्या खाचराचं पाणी खालच्या पाटात सोडू नका, आणि वरच्या अंगाला पाट कुठून येतो ते चालत जाऊन बघा. पहिला पुंजका जिथे दिसतो तिथूनच लागण सुरू झालेली असेल असं नसतं. बहुतेकदा ती वरच्या एखाद्या तळ्यात आधीच मुरलेली असते.